आमच्या फ्लॅटचं हिरवं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे साडीची घडी. सोमवारची दुपार होती. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर कपडे वाळवायची एक खोली आहे, तिला सगळे ड्रायिंग रूम म्हणतात. बाल्कनीत कपडे टाकायचे नाहीत असा नियम, आणि विजेवरचा ड्रायर कुणी घेऊ नये असं रहिवाशांच्या कमिटीचं म्हणणं, म्हणून ही खोली. आत ऊब असते, दोऱ्या असतात, पण साडी उलगडायला जागा नाही. म्हणून बायको आत उभी राहायची आणि मी दुसरं टोक धरून दाराबाहेर पॅसेजमध्ये.

"कोपऱ्याला कोपरा लावा," ती म्हणाली.

"लावलाय."

"कुठं लावलाय? पदर चाललाय स्टेशनला आणि काठ चाललाय घरला."

"साडी आहे, राजाचा झेंडा नव्हे."

"ओढा की जरा. सकाळी नाष्टा केला नाही का?"

मी ओढलं. जरा जास्तच ओढलं. ती दोन पावलं पुढं आली आणि हसली. मग आम्ही एकमेकांकडं चालत येऊन टोकाला टोक जोडलं. माझ्या हातातलं टोक तिनं काढून घेतलं, घडी काखेत मारली आणि चहा टाकते म्हणून वर गेली.

यात लिहिण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याशी उभी होती ती खाली बसली, आणि ॲम्ब्युलन्स आली तोवर गेलेली होती. म्हणून ती घडी शेवटची ठरली. आधी माहीत असतं तर मी कोपरे नीट लावले असते.

मी चौथी शिकलेला माणूस, साताऱ्याकडचा. मामानं बोलावलं म्हणून इंग्लंडात स्लाऊला आलो आणि तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका बेकरीत भट्टीपुढं उभा राहिलो, तो रिटायर होईपर्यंत. पाव भाजला का करपला, ते मला घंटी वाजायच्या आधी नाकानं कळायचं. दुसरी विद्या मला नाही.

आमचं जुनं घर विटांचं होतं. खिडकीतून एवढा वारा यायचा की पडदे आपोआप हलायचे. बायको फाटक्या साड्यांच्या सुरळ्या करून फटीत कोंबायची. पुढं दोघांचे गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून ते घर विकून हा फ्लॅट घेतला. कमी विजेत चालणारी बिल्डिंग. गॅस नाही, छपरावर सोलर, खिडक्यांना तीन तीन काचा. दाखवायला आलेली पोरगी म्हणाली, या घरात बाहेरचा वारा अजिबात शिरत नाही. मी ते बायकोला मराठीत सांगितलं.

"मग माणसानं श्वास कुठनं घ्यायचा?" बायको म्हणाली.

त्याला मशीन आहे. हॉलमधल्या कपाटात ते बसवलेलं असतं. स्वयंपाकघरातली आणि बाथरूममधली वापरलेली हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी हवा आत घेतं, आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं. मला ते लगेच पटलं. बेकरीतसुद्धा भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आमचं पाणी तापायचं. बायकोला मात्र त्या मशीनचं एकच बटण आवडायचं, हवा जोरात ओढायचं. फोडणी टाकायच्या आधी ती ते दाबायची आणि म्हणायची, "चला, आता गोऱ्यांना शिंका येऊ देत."

खाली लॉबीत एक फळा आहे. कुठल्या फ्लॅटनं महिन्यात किती वीज आणि किती गरम पाणी वापरलं ते बघून कमिटी फ्लॅटच्या नंबरापुढं पान लावते. कमी वापरलं तर हिरवं, मध्यम तर पिवळं, जास्त तर लाल. आम्ही राहायला आल्यापासून आमचं पान लाल.

बायकोला हे फार लागायचं. भाजी धुतलेलं पाणी ती कढीपत्त्याला घालायची. चहाचा चोथा कुंडीत, ब्रेडच्या पिशव्या धुऊन पुन्हा वापरात. कमिटीतल्या बायका तिच्याकडं शिकायला यायच्या. "आणि पान बघा माझं! लाल! कुणामुळं?" असं म्हणून ती माझ्याकडं बघायची.

माझ्यामुळंच. मला अंघोळीला अर्धा तास कढत पाणी लागतं. आयुष्य भट्टीपुढं गेलं, कातडी जाड झालीय.

"एकदा तरी हिरवं पान येऊ दे आपलं," ती म्हणायची. "एक महिना म्हसरासारखं डुंबू नका."

"गेल्यावर अंघोळ कमीच करायचीय," मी म्हणायचो.

असलं बोलायला मला कधी अडलं नाही. ती आधी जाईल असं वाटलंच नव्हतं.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. ग्लासगोहून मुलगी आली, ओळखीची माणसं डबे घेऊन आली, घरात दहा घरांच्या भाज्यांचा वास. मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्याकडं चला." मी म्हटलं, तुमच्याकडं पाऊस आडवा पडतो, मी इथंच बरा. ती गेली, आणि रात्री मी उशीवर डोकं टेकलं तेव्हा मला कळलं की बायकोचा वास कमी झालाय.

तिचा वास म्हणजे खोबरेल तेल, गुडघ्याला लावायचा बाम आणि बोटांना कायमचा बसलेला हिंग. फार थोर वास नव्हता. पण माझं नाक त्यावर झोपायचं. उशीत थोडा होता, तिच्या कपाटात जास्त होता. आणि हॉलच्या कपाटातलं ते मशीन बारीक घूं घूं करत घरातली हवा बाहेर टाकत होतं. मी अंथरुणात बसलो आणि म्हणालो, हा डबा माझी बायको रोज थोडी थोडी बाहेर टाकतोय.

सकाळी मशीनचं मुख्य बटण बंद केलं. छतातल्या हवेच्या भोकांवर पार्सलची चिकटपट्टी लावली. खिडक्या तर बंदच होत्या.

मग एकातून एक निघत गेलं. स्वयंपाक केला तर माझ्या स्वयंपाकाचा वास तिच्या वासावर बसणार. म्हणून चूल बंद. सँडविच आणि केळी आणायचो आणि खाली आवारातल्या बाकावर कोट घालून खायचो, फेब्रुवारीच्या थंडीत. मुलीचा फोन यायचा, "जेवलात का?" मी म्हणायचो, "पोटभर." केळं हातात असायचं, त्यामुळं अगदीच खोटं नव्हतं. हीटर लावला की हवा कोरडी होते आणि वास उडतो असं माझ्या मनानं घेतलं, म्हणून हीटरही बंद. अंघोळ दोन दिवसांआड. कपडे साबणाशिवाय नुसत्या पाण्यातून काढायचो. आणि ड्रायिंग रूमकडं पाय वळत नव्हते, त्यामुळं ते ओले कपडे बेडरूममध्येच, तिच्या कपाटाच्या दारावर आणि खुर्च्यांवर टाकायचो.

चौथी शिकलेला असलो तरी बाकी गोष्टीत मी इतका मूर्ख नाही.

असे सहा आठवडे गेले. एका संध्याकाळी शेजारची पोरगी आली. पोरगी म्हणजे पस्तीस वर्षांची बाई, पुण्याची, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते, आणि कमिटीत आहे. बायकोनं तिला ठेचा शिकवला होता. दारात उभी राहून ती म्हणाली, "काका, अभिनंदन!"

"कशाचं?"

तिनं हात पुढं केला. हातात हिरवं पान होतं. कापडाचं, हातानं शिवलेलं. "तुमच्या फ्लॅटला या महिन्यात सगळ्यात कमी वीज लागली. पूर्ण बिल्डिंगमध्ये पहिला नंबर. काकू असत्या तर..." आणि तिचं बोलणं तिथंच थांबलं. मला वाटलं बायकोच्या आठवणीनं थांबलं. तसं नव्हतं. ती वास घेत होती.

"काका, घरात काय झालंय?"

"काही नाही."

ती विचारल्याशिवाय आत आली. हॉलच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. मला ते रोज दिसत होतं, पण बाहेर पाऊस आहे असंच धरून चाललो होतो. तिनं वर बघितलं, चिकटपट्ट्या दिसल्या. मशीनचं कपाट उघडलं.

"हे बंद का केलंय?"

"माझं घर, माझं मशीन."

"काका, हे बंद करायचं नसतं. ह्या घराला दुसरा श्वासच नाहीये."

"मला ठाऊक आहे ते कसं चालतं. तू जन्मायच्या आधीपासून मी भट्ट्या सांभाळल्यात."

"मग?"

ती उभीच राहिली. शेवटी मी सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, कारण दुसऱ्या शब्दांत सांगता येत नव्हतं. ती खुर्चीवर बसली, ओल्या बनियनवरच बसली, आणि थोडा वेळ पान हातात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "काका, रागावणार नाही ना?"

"रागावणार. बोल."

"इथं काकूंचा वास येत नाहीये हो. सडक्या बटाट्याचा येतोय."

"तुझं नाक पुण्याचं. तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते."

"असेल. तुमचं नाक बेकरीतलं आहे ना? तुम्ही घ्या बघू."

तिनं पान टेबलावर ठेवलं आणि गेली. मी बेडरूममध्ये गेलो, ओले कपडे बाजूला केले आणि बायकोचं कपाट उघडलं. इतके दिवस मी ते उघडलं नव्हतं. उघडलं की वास निघून जाईल, अशी भीती होती.

कपाटाच्या मागच्या भिंतीला काळे ठिपके धरले होते. खालच्या कप्प्यातल्या सुती साड्यांवर ते उतरले होते. सगळ्यात वर सोमवारची साडी, आम्ही घडी घातलेली. एक कोपरा बोटभर बाहेर आलेला, मी न जुळवलेला. त्या कोपऱ्यावरसुद्धा बुरशी. मी साडी तोंडाशी धरली आणि दीर्घ श्वास घेतला. तेल नाही, बाम नाही, हिंग नाही. पुण्याची पोरगी खरं बोलली होती. बटाटाच.

सहा आठवडे उपाशी राहून मी बायकोच्या साड्या नासवल्या होत्या. ती असती तर तिनं मला त्याच साडीनं बडवलं असतं, आणि बडवताना साडी फाटू नये म्हणून जपूनही बडवलं असतं. हे मनात आलं आणि मला हसू आलं. एकटाच कपाटापुढं उभा राहून हसलो. रडलोही, पण हसू आधी आलं.

आता धुतल्या तर असेल नसेल तो वासही जाणार, आणि नाही धुतल्या तर साड्याच जाणार. उशिरापर्यंत विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. रेशमी दोन होत्या त्या ड्रायक्लीनरकडं द्यायला पिशवीत भरल्या. सुती नऊ निघाल्या. त्या साबण आणि व्हिनेगर टाकून वॉशिंग मशीनला लावल्या. एखादी तशीच ठेवावी असं मनात आलं होतं. ठेवली नाही. भिंत पुसली. स्टुलावर चढून चिकटपट्ट्या ओढल्या, रंगाचे पापुद्रे निघाले. मग हवेचं मशीन सुरू केलं. ते घूं घूं करायला लागलं, जसं काही झालंच नव्हतं. साड्या दोन फेऱ्यांत खाली ड्रायिंग रूममध्ये नेल्या आणि दोऱ्यांवर टाकल्या. दारात मिनिटभर थांबावं लागलं, मग आत गेलो. खोलीच ती. ऊब होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धा तास कढत पाण्यानं अंघोळ केली. जोरात हवा ओढायचं बटण दाबलं, मोहरी टाकली, हिंग टाकला, हिरव्या मिरच्या टाकल्या. खोकलो. पोहे परतून झाकून ठेवले आणि शेजारचं दार वाजवलं.

पोरगी डोळे चोळत आली. "काका, सगळं ठीक आहे ना?"

"हे तुमचं पान परत घे. हे उपाशी माणसाचं पान आहे, आमचं नव्हे. पुढच्या महिन्यात लाल आण."

"अहो, पण एकदा मिळालेलं पान..."

"आणि खाली चल. नऊ साड्यांच्या घड्या घालायच्यात. एकट्यानं होत नाहीत."

"नऊला मीटिंग आहे माझी."

"मग बडबड कमी कर."

तिला मी आत उभं केलं, बायकोच्या जागी, आणि मी पॅसेजमध्ये माझ्या जागी. साड्या खडखडीत वाळल्या होत्या. साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. ठिपके पुष्कळ गेले होते, थोडे राहिले होते. पोरीनं टोकं उलटी धरली. पदर एकीकडं, काठ दुसरीकडं.

"कोपऱ्याला कोपरा लाव," मी म्हणालो.

"लावलाय की."

"कुठं लावलाय? ओढ जरा. नाष्टा केला नाहीस का?"

"नाही केला, काका. तुम्ही उठवलंत ना!"

"बरं, आधी या नऊ होऊ देत. मग वर चल, पोहे केलेत. हिंग जास्त पडलाय."