चांदीपची घरगुती खानावळ

“गाडीनं आलीत ना, मग कंपनीतलीच असनार,” माझ्या पाठीमागे पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या काकू दुसऱ्या काकूंना हळूच म्हणाल्या.

आम्ही कुठल्याही कंपनीतले नव्हतो. आम्ही विरारहून आलो होतो. मागे वळून एवढं सांगायला मला दोन सेकंद लागले असते. पण अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य इंग्रजीत तयार करते, मग त्याचं मराठी करते, आणि तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असतं. काकूही गेल्या. शिवाय माझ्या तोंडात वडा होता.

हे सगळं बाबांच्या आतल्या रस्त्यांमुळे झालं. बाबांना हायवे आवडत नाही. “हायवेवर दिसतं काय? पुढच्या ट्रकचं ढुंगण!” (आई : “अहो, मुलीसमोर!” मुलगी चोवीस वर्षांची आहे.) त्यामुळे रविवार आला की आमची गाडी शिरसाडला आत वळते. खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. आंब्याच्या खोडाला आरसा ठोकून थाटलेलं सलून, टोपल्यांच्या शेजारी मोबाइलची कव्हरं टांगलेलं दुकान, ‘येथे पंक्चर काढून व पत्रिका पाहून मिळेल’ अशी पाटी. खिडकीतून बघायचं, फोटो काढायचा, कोणाशी बोलायचं नाही. माझ्यासाठी हा आदर्श प्रवास!

त्या दिवशी चांदीपला एका अंगणात मांडव दिसला. टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर पंचवीसेक बाइक आणि तळणीचा वास.

“घरगुती खानावळ!” बाबांनी करकचून ब्रेक मारला. “आणि बोर्ड नाही. बोर्ड नसला म्हणजे जेवण अस्सल.”

फाटकातल्या माणसाने हात जोडले. “या, या. पानी घ्या, हात धुवा. पंगत बसतेच हाय.”

“मेनू काय आज?” बाबांनी विचारलं.

तो जरा थांबला. “गोडाचंच हाय आज. वडे, खीर, भोपळा.”

“बघ,” बाबा आईला म्हणाले, “एकच मेनू. आत्मविश्वास!”

वडे खरोखरच अप्रतिम होते. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आणि लोकेशन टाकलं : ‘चांदीपला भन्नाट घरगुती जेवण सापडलंय. कोणी जवळपास असेल तर लगेच या!!!’ (तोंडाने मी एक उद्गारचिन्हही काढत नाही. ग्रुपवर मात्र तीन-तीन.) तिसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका सहकुटुंब वज्रेश्वरीला गेले होते. त्यांचं उत्तर आलं : ‘निघालो. चार पानं सांगून ठेव.’

तेवढ्यात वाढायला दोन भाऊ आले. दोघांच्याही डोक्यावर केस नव्हते.

“स्वच्छता बघा!” बाबा मला म्हणाले. “केस पडायचा प्रश्नच मिटवला!”

माझा घास हातातच राहिला. मी मांडवात नीट पाहिलं. कोणीही हसत नव्हतं. समोर खुर्चीवर एका आजोबांचा हार घातलेला फोटो होता.

“संस्थापक वाटतं,” बाबा म्हणाले आणि धाकट्या भावाला विचारलं, “हे सगळं ह्यांनीच उभं केलं का?”

“हो. सगलं आबांनीच,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

“वा! मुलांनी चालवलंय, हे महत्त्वाचं!” बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने बाबांचे हात हातात घेतले. बाबांनाही भरून आलं. त्यांनी आणखी दोन वडे घेतले.

फोटोखाली दोन तारखा होत्या. दुसरी याच महिन्यातली. आम्ही तेराव्याला जेवत होतो!

मी शेजारी बसलेल्या आईला मेसेज केला : ‘आई, हे हॉटेल नाही.’ तिचा फोन गाडीत होता. मग सावंतकाकांना : ‘येऊ नका. इथे खूप गर्दी आहे.’

उत्तर : ‘गर्दी म्हणजे चव असणार! येतोच.’

आता एकच उपाय होता, तोंडाने बोलणे. आमचं आम्ही निस्तरलं असतं. गुपचूप नमस्कार करून निघालो असतो. पण सावंतकाका कुठल्याही हॉटेलात पाऊल टाकताच “मालक! गरम काय आहे?” असं ओरडतात. दुःखातल्या त्या घरात ते ओरडायच्या आत कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच होते.

“बाबा,” मी कुजबुजले.

“थांब. तू जा, त्या आजींना विचार, स्कॅनर कुठे आहे. जरा बोलायची सवय कर.”

आजी फोटोजवळ बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

“पोटभर जेवलीस ना, बाय? यांना लय आवडायचं. रस्त्यानं जानाऱ्या मानसाला बोलवून जेवू घालायचे. मी वैतागायची.” त्यांनी फोटोवरचा हार नीट केला. “तुमची नि यांची वलख कंपनीतलीच ना?”

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. तेवढ्यात फोन थरथरला : ‘मांडव दिसला!’ बाहेर गाडीचा दरवाजा वाजला. मी इंग्रजीत वाक्य तयार केलं. मराठी करायला वेळच नव्हता, म्हणून ते सोडून दिलं आणि जे आलं ते बोलले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

“आजी, आमची ओळखच नाही, आम्हाला हे हॉटेल वाटलं, वडे फार छान झालेत, आणि अजून चार पानं लागतील!”