दशमीतलं ग्रीन कार्ड

आमच्या घरात कुणी एखादी वस्तू ‘नीट ठेवलीय’ म्हणालं, की ती गेली असं समजावं. इकडेतिकडे टाकलेल्या वस्तू सापडतात, नीट ठेवलेल्या सापडत नाहीत. हे शहाणपण आताचं. २००६ साली मी बावन्न वर्षांची होते आणि अक्कल साधारण बारा वर्षांची होती.

आम्ही तेव्हा अमेरिकेत होतो, लेक ईडन प्रेरीत आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायची. तिला नववा लागलेला. आणि मी काय केलं, तर ह्यांना ऑफिसने चार दिवस स्टॉकहोमला पाठवलं तेव्हा मागे लागून बरोबर गेले. लेक एवढंच म्हणाली, “आई, आत्ताच जायला हवं का?”

“अगं, पहिलटकरणीला उशीरच होतो. बाळंतपणाला मी तुझ्याजवळ असणार, शब्द देते.”

शब्द द्यायला माझं काय जात होतं?

परतीच्या सकाळी हातात दोन तास होते. बारा वाजता हॉटेलवरून बॅगा उचलून एअरपोर्टची बस गाठायची होती. तेवढ्यात जुन्या गावातला चौक बघून येऊ म्हणून निघालो. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं की तिथे गर्दीत खिसेकापू असतात. ह्यांनी आपलं ग्रीन कार्ड पाकिटात ठेवलं आणि मोकळे झाले. मी हुशार. माझं कार्ड आधी पर्समध्ये ठेवलं, मग परकराच्या चोरखिशात, आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरून आणलेल्या शेवटच्या दोन दशम्यांच्या मध्ये. वरून फॉइल. कुठला चोर दशमी पळवणार? ह्यांनी विचारलं, “कार्ड घेतलंस?” मी म्हटलं, “नीट ठेवलंय.”

चौक लहानच, पण देखणा. उतरते दगड, मधोमध जुनी विहीर, भोवती लाल-पिवळी उंच घरं एकमेकांना खेटून उभी. पाचशे वर्षांपूर्वी इथे एका राजाने सरदारांना जेवायला बोलावून त्यांची मुंडकी उडवली म्हणे. ती गोष्ट माहितीपुस्तकातून ह्यांना वाचून दाखवण्यात मी इतकी रंगले, की ह्यांनी दशम्या काढल्या ते पाहिलंच नाही. एक त्यांनी खाल्ली, एक माझ्या हातात दिली. मी वाचत वाचत चावत राहिले. अमेरिकेत राहून ह्यांना एक वळण लागलं होतं: खाऊन झालं की कागद लगेच कचऱ्याच्या डब्यात. मधल्या पिशवीसकट फॉइलचा बोळा करून टाकून आले.

शेजारच्या गल्लीत पोस्टकार्डं बघत होतो. सव्वाअकरा झाले तशी ह्यांनी आठवण केली, “कार्ड वर काढून ठेव, लागेल.”

“नीट ठेवलंय हो.”

“कुठे?”

“दशम्यांत.”

ह्यांनी हातातलं पोस्टकार्ड परत ठेवलं. मग हळूच म्हणाले, “दशम्या तर आपण खाल्ल्या.”

साडी, खाली बूट आणि उतरते दगड, अशी मी पळाले. चौकातल्या त्या डब्यात नवी कोरी पिशवी लावलेली होती. रिकामी. गल्लीच्या टोकाला नारिंगी जाकिटातली एक बाई कचऱ्याची गाडी ढकलत चालली होती, माझ्याच वयाची. तिला गाठलं आणि धापा टाकत इंग्रजीत म्हटलं, “माय ग्रीन कार्ड, इन द ब्रेड.” तिला काय कळलं कोण जाणे. माझं तोंड बघून तिने गाडी थांबवली. ह्यांनी नीट समजावलं, तेव्हा तिने एक मोठी पिशवी निवडली आणि कडेला दगडांवर उलटी केली.

त्यात फॉइलचे बोळेच बोळे. त्या दिवशी अख्ख्या स्टॉकहोमने सँडविच खाल्लं होतं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. लेक. तिकडे पहाटेचे साडेचार.

“आई, झोप नाही लागत. कंबर दुखतेय रात्रीपासून. आज फ्लाइट आहे ना?”

“आहे ना. निघालोच.”

“सगळं ठीक आहे?”

माझ्या एका हातात कुणाचातरी अर्धा मासा होता. “सगळं नीट आहे,” म्हटलं आणि फोन ह्यांच्याकडे दिला. कार्ड नसेल तर विमानात चढू देणार नाहीत, मग वकिलात, अर्ज, किती आठवडे देव जाणे. आणि तिकडे ती एकटी कळा देणार. मी शब्द दिला होता.

बोळे उघडत बसायला वेळ नव्हता. मग लक्षात आलं, दशम्यांना लसणाची चटणी लावलेली. मी बोळे नाकाशी धरून वास घेत सुटले. हे दुसऱ्या बाजूने. म्हणाले, “ह्यात मोहरी आहे.”

“टाका तो. लसूण शोधा.”

दोघातिघांनी आमचे फोटो काढले. कुणाच्यातरी आल्बममध्ये त्या ऐतिहासिक चौकाशेजारी कचरा हुंगणारी नऊवारी नसली तरी पाचवारी बाई अजून असेल.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्या सफाईवाल्या बाईने एक बोळा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि माझ्यापुढे धरला. तोच. आत पिशवी, पिशवीत कार्ड, कडेला चटणीचं लाल तेल. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “व्हेरी स्ट्राँग ब्रेड.”

बस सुटता सुटता मिळाली. वाटेत शिकागोला विमान बदलताना इमिग्रेशनवाल्याने कार्ड हातात घेऊन दोनदा बोटं हुंगली, पण विचारलं काही नाही. घरी न जाता तशीच हॉस्पिटलात गेले. लेक कळा देत होती. माझा हात घट्ट धरून पहिलं वाक्य काय बोलली, तर, “आई, तुझ्या हाताला कसला वास येतोय?”

पहाटे नात झाली. ती आता कॉलेजात आहे. परवा मला एअरपोर्टला सोडायला आली, तेव्हा दारातच विचारलं, “आजी, पासपोर्ट?”

“नीट ठेवलाय,” मी म्हटलं.

ती सरळ आत गेली आणि तिने पोळ्यांचा डबा उघडला.