रेडिओवरचा जालिंदर

१९९३ साली नगरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात सुखाचं माप ठरलेलं होतं. रेडिओवरच्या संध्याकाळच्या फर्माईशीत कुणाचं नाव वाचलं गेलं, यावर ते ठरे. गाणं कुणी ऐकत नसे. ते सुरू झालं की निकाल लागला असं समजून पोरं उठत. नाव आलेला मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाई. न आलेल्याला भाजी आळणी लागे. भाजी एकाच पातेल्यातली असे.

या बाबतीत जालिंदरचा हात धरणारा कुणी नव्हता. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्या घरचा हा मुलगा दर रविवारी खाटेवर पालथा पडून पोस्टकार्डं लिही. एकट्या माणसाची फर्माईश भिकार दिसते, असं त्याचं मत होतं. म्हणून तो आपल्या नावाखाली लिही: पंकज, ओम, छगन आणि समस्त मित्रमंडळ. पंकज आणि ओम वर्गात होते खरे, पण त्यांनी जालिंदरला चेहऱ्याने ओळखलं नसतं. छगन कुणीच नव्हता. दोघांचं मंडळ होत नाही, एवढंच त्याच्या जन्माचं कारण.

कार्डं पेटीत टाकायचं काम महेंद्रकडे. हा त्याच्याच खोलीत राहणारा, बेलापूरचा, अबोल मुलगा. एकदा तो म्हणाला, "माझं नाव घातलंस तरी चालेल की."

"तू तर खोलीतच हायेस. तुला कशाला रेडिओ?"

उत्तर बिनतोड होतं. महेंद्रला त्या दिवशी भाजी आळणी लागली.

दिवाळीनंतर जालिंदरला कावीळ झाली. त्याने ती अंगावर काढली आणि शेवटी सरकारी दवाखान्यात पडला. डोळे हळदीसारखे, पोटात पाणी ठरेना. त्याच्या गावातला एकुलता एक फोन बंद होता, म्हणून महेंद्र एसटीने गेला.

जालिंदरच्या आईने, रतनबाईंनी, त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि ओट्यावरच बस म्हणाल्या.

"मावशी, जालिंदर आजारी आहे. लगेच चला."

"कोन म्हनतं? कालच सांजच्याला रेडिओत नाव आलं त्याचं. समद्या मित्रांसंगं. मजेत हाय त्यो."

"ते कार्ड आजारी पडायच्या आधीचं. मीच पेटीत टाकलंय."

"तुजं नाव तर कदी आलं न्हाई रेडिओत."

यावर महेंद्रकडे पुरावा नव्हता. कॉलेजचं ओळखपत्र खिशात होतं, पण ते इथे चालणारं नव्हतं. रतनबाई सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसल्या. मग त्यांचा हात थांबला.

"बरं, आजारी हाय म्हन. मंग जवळ कोन हाय? पंकज हाय ना?"

"जवळ मी असतो," महेंद्र म्हणाला. "आत्ता मी इथं आहे."

रतनबाईंनी सूप खाली ठेवलं आणि भाकरी बांधायला आत गेल्या.

दवाखान्यात आईला पाहताच जालिंदरने आधी महेंद्रकडे पाहिलं, याने काय काय सांगितलंय ते अजमावायला. रतनबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग खाटेभोवती नजर फिरवली.

"पंकज, ओम, छगन... कुनीच आलं न्हाई?"

जालिंदरने भिंतीकडे तोंड केलं. महेंद्र म्हणाला, "परीक्षा आहे त्यांची, मावशी."

"आन् तुजी न्हाई?"

रतनबाईंनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि महेंद्रच्या हातावर ठेवली. "खा. सकाळधरनं उपाशी हायेस."

जालिंदर बरा झाला. वसतिगृहात परतल्यावर त्याने लिहिलेल्या पहिल्या कार्डावर महेंद्रचं नाव सगळ्यात वर होतं; छगन कायमचा गेला होता. ते कार्ड रेडिओवर वाचलं गेलं त्या संध्याकाळी शेजारणी रतनबाईंना सांगायला धावत आल्या. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर जाऊन त्यांनी एसटीच्या कंडक्टरला गाठलं.

"नगरला चालला न्हवं, भाऊ? काल आमच्या जालिंदरचं नाव आलं रेडिओत. जरा बगून या, बरा हाय का त्यो."