तेरा मतदार आणि सोळा मतं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या वादात फुटलेली डोकी पाहिली. तरी कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं, की मला आठवतो तो एक साधा मिसिंगचा तपास. त्यात शेवटी आरोपी निघाला नाही, गुन्हा निघाला नाही आणि कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नावं सांगणार नाही, कारण ती माणसं आजही त्याच गावांत राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

मी तेव्हा परळी तालुक्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. एका पक्षाच्या तरुण जिल्हाध्यक्षाच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारसुद्धा आधी पक्षातलेच लोक राज्याराज्यांत मतं देऊन ठरवतात, मग आपल्या गटाचा उमेदवार मुंबईच्या बंद खोलीत का ठरावा, असं त्यानं भर सभेत विचारलं. मी बंदोबस्ताला उभा होतो. टाळ्या जोरात पडल्या. ज्यांचं तिकीट बंद खोलीत पक्कं होतं, त्यांनीही वाजवल्या.

ठरलं असं. गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या त्या मतदारसंघात, तेरा गावं. प्रत्येक गावच्या सभासदांनी एक प्रतिनिधी निवडायचा आणि त्या तेरा जणांनी रविवारी एका मंगल कार्यालयात गुप्त मतदान करायचं. इच्छुक दोघं. एक मोठा बागायतदार, ज्याच्या घरात दोन पिढ्या सत्ता होती. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

शुक्रवारी सकाळी एक बाईमाणूस ठाण्यात आली. सोबत बाईंच्या बाजूचे चार कार्यकर्ते. तिचा नवरा मेंढपाळ. त्यांच्या गावात दोन्ही बाजूंचं भांडण मिटेना, म्हणून कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा माणूस प्रतिनिधी म्हणून निवडला गेला होता. गुरुवार संध्याकाळपासून तो बेपत्ता. फोन पालावर, म्हणजे राहुटीतच पडलेला.

“बागायतदाराच्या माणसांनी माझ्या पतीचे राजकीय हेतूने अपहरण केले,” ती खाली मान घालून म्हणाली.

ठाणे अंमलदारानं मिसिंगची नोंद घेतली. तक्रार तिची होती, पण शब्द दुसऱ्याचे होते, हे मला तिथंच कळलं. आणखी एक गोष्ट कळायला हवी होती, ती मात्र कळली नाही. ज्या बाईचा माणूस खरोखर हरवतो, ती ‘कधी सापडंल’ हे शंभरदा विचारते. ही एकदाही विचारत नव्हती. बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या आणि माझं अर्धं लक्ष तिकडं होतं.

दुपारी खबर आली. सिरसाळ्याच्या बाजारातला आमचा एक खबऱ्या म्हणाला, “साहेब, काल दिस बुडायच्या आधी बागायतदाराच्या कारभाऱ्याची जीप मेंढराच्या पालावर हुती. म्या सोत्ता बघितली.”

खबर खरी होती. खोट्या खबरीपेक्षा खरी खबर जास्त फसवते, कारण ती मिळाली की माणूस पुढचं डोकं चालवायचं थांबवतो. मीही थांबवलं.

कारभाऱ्याला चौकशीसाठी बोलावलं. माझी पद्धत सोपी होती. माणसाला ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बाकावर बसवायचं आणि दोन तास कुणी काही विचारायचं नाही. फोन वाजतात, वायरलेस खरखरतो, कुणी तक्रारदार रडतो, आणि बाकावरचा माणूस आपलं उत्तर मनात पन्नास वेळा घोकतो. पन्नास वेळा घोकलेलं खोटं उत्तर फार गुळगुळीत होतं, ते लगेच ओळखू येतं.

याचं उत्तर गुळगुळीत नव्हतं. उलट तो चिडलेला होता.

“गेलतो साहेब, न्हाई कुठं म्हणतो? पण त्येला पळवायला कावून जाईन म्या? त्येचं मत आमचंच हाय. त्यो न्हाई आला तर आमचंच एक कमी व्हतंय.”

“तुमचं कशावरून?”

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “ही बघा यादी. तेरातले आठ आमचे. पाचव्या नंबरला त्योच हाय. बेल-भंडारा उचललाय त्येनं माझ्यासमोर.”

बेल-भंडारा म्हणजे देवाचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. आमच्याकडं स्टॅम्पपेपर मोडतील लोक, पण भंडारा मोडायला कचरतात. कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर माणूस लपवल्याची भीती नव्हती, मत गेल्याची हळहळ होती. तीस वर्षं चेहरे वाचले होते. हा उगाच बसवला गेला, हे मला उमगलं.

मी बाईंना ठाण्यात यायची विनंती केली. त्या आल्या, खुर्चीत ताठ बसल्या.

“साहेब, तो माणूस माझ्या बाजूचा आहे म्हणूनच उचललाय. त्याच्या मुलीला मी वसतिगृहात ठेवून शिकवली. ती आज नर्स आहे. तो मला नाही म्हणायचाच नाही.”

“तुमच्या बाजूचे एकूण किती?”

“आठ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही पर्समधून यादी काढली.

दोन्ही याद्या मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आमचे हवालदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते स्वतः मेंढपाळ कुटुंबात वाढलेले, तीस वर्षं खात्यात. ते हळूच म्हणाले, “साहेब, आठ आन आठ सोळा. मतदार तर तेराच हायेत. तीन नावं दोन्हीकडं हायेत की.”

त्या तिघांत मेंढपाळ होता. दोन्ही बाजू त्याला आपला समजत होत्या, मग त्याला पळवून कुणाचा फायदा? कुणाचाच नाही. त्या दोन याद्यांमुळं एकच माणूस अडचणीत होता, तो म्हणजे तो स्वतः. मी दिवसभर ‘त्याला कुणी नेलं’ हे शोधत बसलो होतो. ‘तो कुणाला तोंड दाखवू शकत नाही’ हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

कारभाऱ्याला सोडलं. माफी मागितली नाही, पण चहा पाजला, खारी मागवली. आमच्या खात्यात त्यालाच माफी म्हणतात.

शनिवारी सकाळी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत पालावर गेलो. बागायतदाराच्या कापणी झालेल्या रानात वाघर लावलेली, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं. उन्हाळ्यात मेंढरं शेतात बसवतात. शेताला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. या कुटुंबाचे वर्षातले चार महिने याच रानांत निघत. कुत्रं सावलीत निवांत पसरलं होतं. हवालदार माझ्या कानात म्हणाले, “धनी गायब झालेलं कुत्रं असं झोपत न्हाई, साहेब.”

मी मेंढपाळाच्या बायकोला दटावलं नाही. दगडावर बसलो, पाणी मागितलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल जेवले का ते?”

“व्हय, आत्ताच फोनवर…” ती म्हणाली आणि थबकली. मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. “म्या खोटं बोलले, साहेब. बाईंची माणसं जीप घिऊन आली, चल म्हणली. म्या न्हाई कशी म्हणू? आन कालधरनं दोन्हीकडची माणसं दर घंट्याला येऊन इचारत्यात. लई भ्या वाटतंय वो.”

खोटी माहिती दिल्याबद्दल तिच्यावर कारवाई करता आली असती. मी केली नाही, आणि आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

ठिकाण तिनंच सांगितलं. मेंढपाळ गेवराई तालुक्यात होता, चकलांब्याजवळ एका पाहुण्याच्या कळपात. लपायला याहून चांगली जागा नाही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, समोर दोनशे मेंढरं, अशा माणसाचं तोंड कुणी बघत नाही. आम्ही दुपारी पोचलो. आम्हाला बघून तो पळाला नाही. काठी टेकून उभा राहिला.

“चूक झाली, साहेब,” तो म्हणाला. “गुरुवारी सकाळी बाईंच्या माणसांनी भंडारा उचलायला लावला. संध्याकाळी कारभाऱ्यानं. एकीकडं पोरीचं शिक्शान, दुसरीकडं मेंढरांचं रान. आता मत कुणालाबी दिलं, तरी देवाचा गुन्हेगार म्याच. म्हणून म्हणलं, मतच नगं.”

तो सज्ञान माणूस, आपल्या पायानं गेलेला. त्याला बळजबरीनं आणायचा मला काडीचा अधिकार नव्हता. जबाब सोमवारी घेतला असता तरी चाललं असतं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. पण त्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही. चूक एका मिनिटाची आणि हा गडी जन्मभर स्वतःला गुन्हेगार समजणार होता.

मी विचारलं, “पोलिसांपुढं कुणी कबुली दिली, की ‘होय, खून मीच केला’, तर ती कोर्टात पुरावा म्हणून चालते का?”

“चालत आसंल की.”

“चालत नाही.”

“कावून?”

“कारण दारात शिपाई उभा असतो. माणूस भीतीनं काहीही बोलतो, हे कायद्याला ठाऊक आहे. म्हणून आमच्या समोरची कबुली कोर्ट धरत नाही.”

त्यानं नजर मेंढरांकडं वळवली. मग सावकाश म्हणाला, “माझ्याम्होरं बी जीप हुबी हुती. दोन्ही टायमाला.”

“मग देवाचं कोर्ट आमच्या कोर्टापेक्षा कच्चं असंल का?” हवालदारांनी विचारलं.

तो हसला नाही. घोंगडी झटकली, मेंढरं पाहुण्याच्या हवाली केली आणि म्हणाला, “चला.”

रस्त्यात मी जिल्हाध्यक्षाला फोन लावला. त्यांनी कोऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहायचं ठरवलं होतं. तेरा माणसांची अक्षरं गावात कोण ओळखत नाही? मी म्हटलं, नावं छापून घ्या आणि एकच शिक्का ठेवा, नाहीतर माझा बंदोबस्त दुप्पट होईल. कायदा आणि सुव्यवस्थेचं नाव काढलं की पुढारी पटकन ऐकतात.

रविवारी अकराला मतदान झालं. मेंढपाळ सातवा गेला. आत जाताना त्यानं कुणाकडंच पाहिलं नाही. तासाभरात निकाल. बाईंना दहा, बागायतदाराला तीन.

मंगल कार्यालयात जो तो मनातल्या मनात बेरीज करू लागला. बागायतदाराला आठ शब्द मिळाले होते, तीनच मतं पडली होती. म्हणजे दोन्ही याद्यांत असलेले तिघंच्या तिघं फिरले असं धरलं, तरी आणखी दोघं ‘पक्के’ फिरले होते. नेमके कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता. मला दुसऱ्या दिवशी कळलं, की बागायतदाराच्या ओट्यावर आठही जण जाऊन आले, आणि तुम्हाला मत देणाऱ्या तिघांतला एक मी, असं प्रत्येकानं शपथेवर सांगितलं.

त्यामुळं शिक्षा कुणालाच झाली नाही. आठातल्या कुणावर रोष धरावा, हे बागायतदाराला ठरवता येईना. वाघर होती त्याच रानात राहिली.

त्या केसनं मला माझी जागा दाखवली. पुढारी माणसं मोजतात, खबरे मोजतात, आम्ही पोलीसही मोजतो. माणूस आपल्या यादीत आला, की तो आपल्याला कळला असं वाटतं. तो फक्त घाबरलेला असतो. मी त्या दिवसानंतर कुणाचाही जबाब घेताना आधी बघायचो, याच्यासमोर कोण उभं आहे.

मंगळवारी मेंढपाळ मिसिंगचा कागद बंद करायला ठाण्यात आला. ‘स्वखुशीने नातेवाइकाकडे गेलो होतो’ असा दोन ओळींचा जबाब. त्यानं सही केली, पण उठेना. ठाण्यात गर्दी नव्हती. तो खुर्ची पुढं ओढून हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, तुमी एकदाबी इचारलं न्हाई. म्हणून तुमाला सांगतो. म्या मत…”

मला जाणून घ्यायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जाणून घ्यायचं होतं. सगळी नोकरी माणसांना बोलतं करण्यात गेली होती आणि हा न विचारता सांगत होता.

मी हात वर केला आणि म्हटलं, “नका सांगू. मलासुद्धा नका सांगू.”

त्यानं पुढं ओढलेली खुर्ची मागं सारली. मग पहिल्यांदाच मोकळं हसला, रामराम केला आणि काठी घेऊन निघून गेला.