बरं आहे

सुलक्षणा परबांना कुणीही, कधीही, कसं काय विचारलं तरी त्या "बरं आहे" म्हणतात. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्या शाळेत होत्या. भाटवाडीतल्या त्या खोलीत पुढे बराच काळ रात्री नुसती पेज असायची, आणि शेजारच्यांनी विचारलं तर बरं आहे म्हणायचं, असं आईने बजावून ठेवलं होतं. पुढे खोली पडून तिथे इमारत आली, आई गेली. उत्तर तेवढं शाबूत राहिलं.

गेली सहा वर्षं त्यांच्या अंगावर गांधी उठतात. ब्लाऊजची शिवण जिथे काचते तिथे, पर्सचा पट्टा जिथे बसतो तिथे, आणि पुष्कळदा जिथे काहीच नसतं तिथेही. गोळीने खाज दबते आणि माणूसही दबतं. घाटकोपर स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात त्या उभ्याउभ्या पेंगतात. घरी आल्यावर झोप येत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नवं इंजेक्शन, दर महिन्याला एक, फुकट. मात्र निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. विकत घ्यायचं म्हटलं तर तसली इंजेक्शनं परबांच्या घराच्या आवाक्याबाहेरची. सुलक्षणाबाई हो म्हणाल्या. उत्साहाने वगैरे नाही. रांगेत पुढे सरकावं तशा.

नोंदी ठेवणारी क्षमा नावाची मुलगी होती. तिने विचारलं, "सध्या आणखी काही लावता का अंगाला?"

"आमसूल. भिजवून चोळायचं."

क्षमाच्या फॉर्मात पुढचा रकाना उत्पादकाचा होता. "कुठलं?"

"वेंगुर्ल्याचं. नणंद पाठवते."

क्षमाने तसं लिहिलं. मग संमती कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्या त्रासाबद्दल थोडं सांगा. सुलक्षणाबाईंनी पदर सारखा केला, मान किंचित कलती केली आणि म्हणाल्या, "तसं काही विशेष नाही." त्यांच्या मनगटावर त्या क्षणी करवंदाएवढ्या गांधी होत्या. कॅमेरा फक्त चेहऱ्यावर होता.

इंजेक्शनाआधी एक आठवडा नुसतं निरीक्षण. रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर खाज नोंदवायची. पर्याय चार: नाही, कमी, मध्यम, तीव्र. सुलक्षणाबाईंनी विचार केला. तीव्र म्हणजे आईला शेवटच्या महिन्यात होत होतं ते. मध्यम म्हणजे बाळंतपण. त्यांनी "कमी"वर बोट ठेवलं. आठवडाभर तेच.

क्षमाचा फोन आला. "ताई, तुमचा आजार अभ्यासात बसत नाहीये. फार सौम्य येतोय."

"बरं."

"पुन्हा एकदा आठवडा भरता येईल. पण तेवढंच. मग नाही."

"मग काय लिहू?"

"ते मी नाही सांगू शकत. खरं ते लिहा."

"खरंच लिहिलं होतं."

क्षमाने नव्या आठवड्याची तारीख सांगून फोन ठेवला. नियमात बसेल असं बोलण्यासारखं आणखी काही सापडलं नसावं.

घरी जयवंतरावांना मात्र कुठलाच नियम नव्हता. नवरा म्हणून तीस वर्षं ते त्याच पलंगावर झोपत आले होते.

"सौम्य? अगो, रात्रभर करकरा खाजवता ती कोण? माझी आवस?"

"एवढं काही नसतं."

"चादरीक रक्त लागता, ता काय जास्वंदीचा? लिव ना सरळ!"

"लोकांना काय काय होतं. त्यांनी काय लिहायचं मग?"

"लोकांचा लोक लिवतीत! तू काय सगळ्या घाटकोपराचा लिवतंस?"

सुलक्षणाबाईंनी उठून कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानात नाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ आले. सुलक्षणाबाईंनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, काच बदलली. "हे बरं दिसतं, की आधीचं?"

"दोन्ही बरंच आहे."

"आता?"

"चालेल. उगाच तुम्हाला त्रास."

"नाना," सुलक्षणाबाई जरा वरच्या पट्टीत म्हणाल्या, "मला कसला त्रास? तुम्ही असंच चालेल-चालेल करत चुकीचा नंबर घेऊन जाल आणि जिन्यावर पडाल. मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. दिसत नाही तर दिसत नाही म्हणा!"

नानांनी दचकून समोरच्या अक्षरांच्या फळ्याकडे पाहिलं. "खालच्या दोन ओळी नाही दिसत," ते म्हणाले. "त्याच्या वरचीही नाही."

सुलक्षणाबाईंनी काच बदलली. हातावर गांधी उठली होती, ती त्यांनी बाहीखाली सारली नाही. संध्याकाळी फोन उघडून त्या बराच वेळ चार पर्यायांकडे बघत बसल्या आणि मग "तीव्र" दाबलं. चहाडी केल्यासारखं वाटलं. सकाळी पुन्हा दाबलं, तेव्हा तेवढं नाही वाटलं.

त्या अभ्यासात बसल्या. दंडात सुई गेली. काही वाटलं नाही.

महिन्याने क्षमाने विचारलं, "कसं वाटतंय, ताई?"

खोलीत डॉक्टर होते, एक नर्स होती. सुलक्षणाबाईंनी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "बरं नाही," त्या म्हणाल्या. "काही फरक नाही. काल पाठ सोलून काढली."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "छान! अशीच माहिती हवी आम्हाला." क्षमा तर हसलीच. नर्सने चहा विचारला. आजारी असल्याबद्दल सुलक्षणाबाईंचं एवढं कौतुक पूर्वी कधी झालं नव्हतं. पाणीच मिळालं असणार, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं आणि ते बोलायची कुणालाच परवानगी नव्हती. अभ्यास संपला की सगळ्यांनाच खरं इंजेक्शन मिळणार, असं संमतीपत्रात होतं. तो संपायला अजून अवकाश होता.

दंडावर दुसऱ्या सुईचा कापूस दाबून त्या घरी आल्या. जिन्यात नीलावहिनी भेटल्या, वरच्या मजल्यावरच्या.

"काय गं, इंजेक्शनं चालू आहेत म्हणे? बरं आहे ना आता?"

"बरं आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. वर गेल्या, चपला काढल्या, फोन उघडला आणि तीव्र दाबलं.