पेनानं दुरुस्त केलेलं पुस्तक

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला, तेर गावी, दाजींच्या पुस्तकावर चाळीस हजार रुपयांची बोली झाली तेव्हा त्यांच्या घरात चौघं होतो: माझे दाजी, अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सोलापूरचा एक पुस्तकविक्रेता आणि मी. महिन्यापूर्वी दाजी गेले. फोन आला तेव्हाही मला आधी तोच आकडा आठवला.

दाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी शेळ्यांवर पुस्तक लिहिलं. आजार, चारा, आणि मधेमधे शेळ्या राखणाऱ्या माणसांच्या गोष्टी, स्वतःच्या आईचीसुद्धा. प्रकाशक मिळेना, म्हणून अक्काच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवून चारशे प्रती स्वतःच छापल्या. कर्ज चाळीस हजारांचंच होतं. त्यामुळे विक्रेत्यानं तेवढीच रक्कम सांगितल्यावर मला व्यवहार सरळ वाटला. सगळे हक्क त्याला द्यायचे. आजार-चारा राहील, गोष्टी निघतील, नाव ‘शेळीपालनातून नफा’ होईल. अक्का मोकळ्या मनगटावरून हात फिरवत होती. दाजींनी चहा संपवला आणि नको म्हणाले. अक्का उठून आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. दाजी मात्र पिशवी घेऊन आठवडी बाजार फिरत राहिले.

ईट गावच्या बाजारात मी एकदा त्यांच्यासोबत गेलो. गिऱ्हाईक दिसलं की दाजी आधी एक गोष्ट वाचून दाखवायचे, मग किंमत सांगायचे. त्या दिवशी एका म्हाताऱ्या शेळीवाल्यानं आईची गोष्ट मधेच थांबवली. पोरकं करडू दुसऱ्या शेळीनं चाटून आपलंसं करावं म्हणून आई दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगाला मीठ लावते, अशी ती गोष्ट.

“दुसऱ्या दिशी मीठ लावून काय उपेग? करडू वलं हाय तवरच लावाय पायजे. तुमच्या आईला ठावं असंल, तुमीच इसरलाव.”

दाजी हसले. तिथंच बसून पिशवीतल्या प्रत्येक प्रतीत त्यांनी पेनानं ते वाक्य दुरुस्त केलं. तोवर दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. दिवसभरात दोन प्रती खपल्या, तीनशे रुपये. परतीच्या गाडीत मी चहापाणी, तिकीट वजा करत होतो.

“दत्ता, आईचं एक वाक्य आज नीट झालं,” ते म्हणाले.

मी विचारलं, “आणि अक्काच्या पाटल्या?” ते पिशवीतल्या उरलेल्या प्रती मोजू लागले.

तेरावा झाल्यावर तोच विक्रेता त्याच रकमेसह आला. या वेळी निर्णय एकट्या अक्काचा होता. मी तिला घे म्हणालो. तिनं एक प्रत उघडून पेनानं केलेली दुरुस्ती त्याला दाखवली, हे छापणार का म्हणून विचारलं. गोष्टच ठेवायची नाही तर दुरुस्ती कशाला, असं तो म्हणाला. मी पुन्हा पाटल्यांचं काढलं.

“पाटल्या माझ्या हायत, त्यांचं मी बघीन,” अक्का म्हणाली. “त्यापायी सासूबाईला पुस्तकातनं काढू व्हय?”

विक्रेता गेला. आकडा अजूनही माझ्याच बाजूनं होता.

मागच्या आठवड्यात अक्कानं घरचा एक बोकड नऊ हजार आठशेला विकला. चार हजार आठशे बँकेला व्याजापोटी भरले. मुद्दल तसंच आहे, पाटल्याही तिथंच. उरलेले पाच हजार तिनं छापखान्याला दिले, दुरुस्त केलेल्या आवृत्तीची उचल म्हणून. पावती तिनं दाजींच्या नावानं फाडायला लावली.