अक्कांची नॉर्वेतली संकष्टी

नॉर्वेहून आलो, कॅमेऱ्याचे रोल धुवायला टाकले, तर निम्मे फोटो काळेकुट्ट! शिरीष, म्हणजे माझा नवरा, कितीतरी दिवस हळहळत होता. मी म्हटलं, जाऊ दे रे, किस्सा तर एकही वाया गेला नाही! अजूनही कुणी नुसतं "नॉर्वे" म्हटलं की आमच्यातलं कुणीतरी सुरू होतंच.

आम्ही म्हणजे चौघं. नव्वदच्या दशकात शिरीष आणि मी कॉम्प्युटरच्या नोकरीपायी पुण्याहून बंगलोरला आलो आणि मल्लेश्वरममध्ये अण्णा-अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. मध्यरात्रीचा सूर्य बघायची हौस अण्णांची, आणि स्वस्तातला रस्ताही त्यांनीच शोधलेला. ट्रेननं मुंबई, विमानानं मॉस्को, रेल्वेनं हेलसिंकी, बोटीनं स्टॉकहोम आणि पुन्हा रेल्वेनं पार वर नॉर्वे!

शिरीष म्हणाला, "अण्णा, यात फक्त बैलगाडी राहिली!"

"परतीला बघू," अण्णा म्हणाले.

अक्का तयार झाल्या, पण एका अटीवर. "मध्ये संकष्टी येते. माझा उपास मोडायचा नाही." त्यांचा मुलगा सुहास लहानपणी टायफॉइडनं हातचा जायचा राहिला, तेव्हापासूनची ही संकष्टी. ढग असले की बाकीचे पंचांगातली वेळ बघून जेवतात. अक्का नाही! चंद्र दिसला नाही तर घास थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

"सरी, सरी," अण्णा कानडीत 'बरं, बरं' म्हणाले. "चंद्र काय, सगळीकडे असतो!"

*

नॉर्वेत नारळ मिळेल न मिळेल, म्हणून अक्कांनी नैवेद्यासाठी घरूनच एक घेतला होता. हेलसिंकीला कस्टमवाल्यानं तो बाहेर काढला, उलटसुलट केला, कानाशी नेऊन हलवला.

"आत काय आहे?"

"पाणी," अक्का म्हणाल्या.

"कशासाठी आणलंय?"

"फोडायला!"

त्यानं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, नारळ दोन्ही हातांनी अलगद परत ठेवला आणि आम्हाला जायला सांगितलं.

*

शिरीषला बोट लागते, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं. याआधी बोटीत बसला होता कधी? छे! तरी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या गोळी घेऊन, नाकाशी लिंबू धरून आडवा झाला. "किती हलतेय गं! मला नाही सोसत!" मी आपली त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत बसले. एवढ्यात अक्का दारात आल्या.

"चला की वर. बोट सुटतेय आता!"

*

स्वीडनच्या रेल्वेत अण्णांनी बसल्या बसल्या चारही बॅगा साखळीनं सीटच्या पायाला बांधल्या आणि कुलूप घातलं. तिकीट तपासनीस हसून म्हणाला, "इथे कुणी चोरत नाही हो."

अण्णा म्हणाले, "ठीक आहे. पण आपली सवय कशाला मोडा?"

पुढे गाडी बदलायची वेळ आली, तेव्हा किल्ली सापडेना. होती कुठे? बांधलेल्या बॅगेत, सगळ्यात खाली! आणि त्या बॅगेचं तोंड नेमकं भिंतीकडे. मी तर लाजेनं मेले. शेवटी त्याच तपासनीसानं धावत जाऊन कटर आणला आणि साखळी तोडली. आम्ही बॅगा घेऊन पळत सुटलो, तर अण्णा मागेच! तपासनीसासमोर हात पसरून उभे.

"ते तुकडे द्या. परतीला लागतील!"

*

नॉर्वेला पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी संकष्टी. अक्का दिवसभर उपाशी, त्यात त्यांना शुगर. संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर आभाळाकडे तोंड करून बसल्या. सूर्य लख्ख! काउंटरवरची बाई म्हणाली, "चंद्र? तो सध्या डोंगराच्या वर येतच नाही. आम्ही शोधतही नाही."

अण्णा अपराधी चेहऱ्यानं अक्कांशेजारी पायरीवर टेकले. हौस त्यांची ना!

"असू दे," अक्का म्हणाल्या. "सकाळी जेवीन."

"अक्का, इथे रात्रच होत नाही, तर सकाळ कुठली?" शिरीष बोलून गेला. कुणीच हसलं नाही. अक्का उठायला गेल्या आणि कठड्याला धरून पुन्हा खाली बसल्या. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात अण्णांना सुचलं. "बंगलोरला आत्ता रात्र आहे. ज्याच्यासाठी उपास, त्याच्या डोळ्यांनी बघितलेला चंद्र चालेल?"

अक्कांनी विचार केला. "चालेल."

हॉटेलच्या फोनवरून घरी फोन लावला. सुहास म्हणाला, "आई, थांब, गच्चीवर जाऊन येतो." मग धापा टाकत परत आला. तो इतक्या मोठ्यानं ओरडत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "दिसला! नारळाच्या झाडाच्या वर आलाय. जेव तू!"

अक्कांनी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

"नीट पाहिलास?"

"अगदी नीट!"

"सरी. जेवते, बाळा."

नारळ हॉटेलच्या पायरीवरच फुटला. काउंटरवरच्या बाईनंसुद्धा खोबरं मागून घेतलं. अक्का उकडलेले बटाटे पोटभर जेवल्या आणि अण्णांचा जीव भांड्यात पडला.

*

परत आलो, तेव्हा सुहास स्टेशनवर घ्यायला आला होता. बॅगा उचलता उचलता मला हळूच म्हणाला, "वहिनी, आईला सांगू नका हं. त्या रात्री इथे धो धो पाऊस होता. चंद्र कसला, समोरचं घर दिसत नव्हतं!"

मी कशाला सांगतेय? घरी पोचलो. अक्कांनी चहाला म्हणून मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"सुहासला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "फोनमधून आमच्या खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस केवढ्यानं वाजत होता, अय्यो!"